काकांना सही करू देऊ नका

चाकण
14 जुलै 2024

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की काकांच्या छोट्याची कारखान्यात बोटं गेली त्याचे ठेकेदार चाळीस हजार देतोय, ते घ्यावेत आणि पोराला गावी आणावं. तसं करू नका. हे पत्र काकांना वाचून दाखवा आणि तोवर त्यांना कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका.

काल छोट्याला भेटले. जखम सुकते आहे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलंय. त्याचा मोबाइल तर्जनीच्या ठशावर उघडायचा. सवयीने तो हात पुढे गेला, मग बराच वेळ डाव्या हाताने नंबर दाबत बसला. चूक माझीच, असं सारखं म्हणतो. सुपरवायझरने तसं त्याच्या डोक्यात भरवलंय.

पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. छोट्याच्या मशीनवर ती काढून पायाचं पेडल जोडलं होतं, पीस जास्त निघावेत म्हणून. त्यात तो हेल्पर. रात्रपाळीचा ऑपरेटर आला नाही म्हणून याला, काही न शिकवता, प्रेसवर बसवलं. डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला तुकडा काढायला हात आत गेला आणि प्रेस पुन्हा खाली आली. धोक्याच्या भागाला गार्ड, म्हणजे संरक्षक आडोसा, लावणं ही 1948 च्या कारखाने कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, पोराची नव्हे. मी क्वालिटीच्या कामासाठी रोज प्रेस शॉपमध्ये जाते. बोटं गेलेले कामगार तिथे इतके दिसतात की कुणी विचारतही नाही, काय झालं म्हणून. मला याची फार चीड येते.

आता पैशाचं. छोट्याचा पगार 12,000. ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे कापल्याचं पगाराच्या चिठ्ठीवर दिसतंय. ठेकेदार म्हणतो, पुढे भरलेच नव्हते. मग सहीची घाई त्याला का, ते कळलं ना? मालकाने हप्ता भरला नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआयचं महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. आणि माणूस ठेकेदाराचा असला तरी कारखान्याच्या मूळ मालकाचे हात झटकले जात नाहीत.

बरा होईपर्यंत ईएसआयकडून पगाराच्या 90 टक्के मिळतात आणि त्या काळात कामावरून काढता येत नाही. पुढे मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं. एका हाताच्या दोन बोटांना ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात 20 टक्के धरलेत. बोर्डाने तेवढे दिले तर महिन्याला साधारण 2,160 रुपये, तेही आयुष्यभर. पोरगा बावीस वर्षांचा आहे, बाबा. ठेकेदाराचे चाळीस हजार म्हणजे यातले दीड वर्षाचे पैसे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुमचं म्हणणं मला माहीत आहे. पण आत्ता कोर्टाचा विषयच नाही. ईएसआयच्या कार्यालयात अर्ज करायचा आहे आणि कारखान्याने अपघाताचा अहवाल पाठवला का ते बघायचं आहे. तो पाठवला नसेल तर आपण लेखी कळवू आणि पोच घेऊ. सोबत मी जाईन. छोट्याचं गेट पास, चिठ्ठ्या आणि हाताचे फोटो मी जपून ठेवलेत. त्या रात्री शेजारच्या मशीनवर असलेला मुलगा काय घडलं ते लिहून द्यायला तयार आहे. त्याला नोकरी जायची भीती आहे, तरी तयार आहे.

आई, काकूला सांग, तो जेवतो, ताप नाही. रात्री दचकून उठतो, एवढं मात्र सांगू नकोस.

ठेकेदार बुधवारी गावी येणार, असं छोट्या म्हणाला. बाबा, त्या दिवशी काकांजवळच थांबा. तो फार गोड बोलतो. दुसऱ्या दिवशी काकांना इकडे पाठवा, सोबत छोट्याचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला द्या. राहायची सोय माझ्या खोलीवर होईल.

तुमची,
ताई