खोकला अंगावर काढू नकोस

सोन्या,

काल फोनवर तू तीनदा खोकलास. आई म्हणाली रेंजची खरखर असेल, मी पण हो म्हटलं. पण तो खोकलाच होता, आणि तू लगेच विषय बदललास. असो. आज ते लिहायचंच नव्हतं, शाबासकी द्यायची होती. द्रासचं पोस्टिंग म्हणजे चेष्टा नाही, अख्ख्या आळीत सांगून आलोय, नानांना तर दोनदा.

१९९९ च्या जूनमधे, कारगिलच्या लढाईत, मी तिथंच होतो हे तुला माहितीय. तोफखान्यातला माणूस खाली तोफेपाशी असतो असं तुझ्या आईला अजून वाटतं, मीच वाटू दिलं. मी ओपी पार्टीत होतो, म्हणजे पुढं जाऊन गोळा कुठं टाकायचा ते तोफांना कळवणारे; पाठीवर रेडिओ, पायदळाबरोबर तोलोलिंगचा डोंगर चढायचा. झाड नाही झुडूप नाही, दिवसा हललं की चुन्याच्या भिंतीवर मुंगी दिसावी तसे वर बसलेल्या शत्रूला दिसणार, म्हणून सगळं रात्री. दोन पावलं टाकायची नि थांबायचं, छाती भरायचीच नाही. पोरांनी पाठीवरच्या पिठ्ठूतलं खाणं काढून त्या जागी काडतुसं भरलेली. पाणी संपलं की बर्फ चघळायचा, त्यालाही बारूदचा वास. बॅटरी थंडीनं उतरू नये म्हणून मी बनियनच्या आत धरलेली, पोटावर तो गार चौकोन अजून कधीकधी जाणवतो बघ.

आणि त्यात मला खोकला. वरच्या बंकरला ऐकू जाईल म्हणून मफलर तोंडात कोंबला, साहेबांचे नेमाचे आकडे रेडिओवर खाली तोफांना सांगायचे तेवढाच काढायचा. एक आकडा चुकला तर गोळा आपल्याच पोरांवर. १३ जूनला पहाटे राजपुताना रायफल्सनी शिखर घेतलं, तेव्हा मी रडलो का खोकलो, आठवत नाही.

खोकला मी कुणाला सांगितला नव्हता. सांगलीच्या एका पोरानंपण नव्हता सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला. गोळी नव्हती रे लागली त्याला, उंचीमुळं फुप्फुसात पाणी झालेलं. चौघांनी रात्रभर उचलून खाली आणला म्हणून वाचला.

आम्हाला तेव्हा हवा अंगवळणी पाडायला वेळच नव्हता, लढाई चालू होती. तुला कसली घाई आहे? उंचीच्या एकेका टप्प्यावर थांबायचे सहा दिवस, मग चार, मग परत चार, जे ठरलंय ते पुरं कर, मधेच कुणी वर चल म्हटलं तरी खोकला असेल तर सांगायचं, लाजायचं नाही, मर्दानगी बिर्दानगी काही नाही त्यात

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. तू ट्रेनिंग केलेला जवान आहेस, मी पेन्शनर, माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.

आक्कानं मेतकूट आणि सुंठीच्या वड्या टाकल्यात, पार्सल गुरुवारी गेलं. वड्या खोकल्यासाठी नाहीत. म्हणजे खोकल्यासाठीच आहेत, पण आधी आरएमओला, तुमच्या पलटणीच्या डॉक्टरला, दाखव.

तुझे आण्णा