कामाचे तास लिहायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

थकलेला पगार आणि पासपोर्ट हातात पडले, तेव्हा आभार मानायलाही तुम्ही सवड दिली नाहीत. लगेच पुढच्या माणसाची फाईल उघडलीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

परक्या मुलखात कामाला गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून दबून वागतो. व्हिसा मालकाच्या नावावर, खोली मालकाची, पासपोर्ट 'सांभाळायला' मालकाच्याच कपाटात. दलालाला देण्यासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर. तक्रार केली की काम जाणार, काम गेलं की व्हिसा जाणार. आम्ही गप्प का, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "ओव्हरटाइमची नोंद कोण ठेवतं?" नोंद सुपरवायझर ठेवायचा, आणि त्याच्या रजिस्टरात आमचा प्रत्येक दिवस आठच तासांचा होता.

मग तुम्ही प्रत्येकाच्या हातात एक छोटी वही दिलीत. कामावर कधी चढलो, कधी सुटलो, सोबत कोण होतं, हे ज्याने त्याने आपल्या भाषेत रोजच्या रोज लिहायचं. लिहिता न येणाऱ्याने फोनवर बोलून ठेवायचं. सुनावणीत "पुरावा काय?" असा प्रश्न आला, तेव्हा त्याच मळक्या वह्या टेबलावर आल्या. वेगवेगळ्या भाषांतल्या, तरी तास एकमेकांशी जुळणारे. अधिकारी तुमच्याकडे वळले की तुम्ही म्हणायचात, "त्यांनाच विचारा, मी फक्त दुभाषी आहे." आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेबाने थेट माझ्याकडे बघून माझं म्हणणं ऐकून घेतलं.

कायदा तुम्ही कधी फुगवून सांगितला नाहीत. काम मिळवून दिल्याची दलाली पगारातून कापायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण कराराने मनाई आहे. स्थलांतरित कामगारांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या करारानुसार मालकाला पासपोर्ट काढून घेता येत नाही, आणि कागदपत्रं नाहीत म्हणून कुणाची मजुरी बुडवता येत नाही. पण कामगार बोलावणाऱ्या बहुतेक श्रीमंत देशांनी हा दुसरा करार स्वीकारलेलाच नाही, त्यामुळे लढायचं ते तिथल्याच कामगार कायद्याने, हेही तुम्हीच सांगितलंत. आमचा विश्वास बसला तो या स्पष्टपणामुळे. गोड आश्वासनं तर दलालानेही दिली होती.

आमच्या खोल्यांवर आता नवे लोक आलेत. त्यांचेही पासपोर्ट जमा करून घेतलेत. घाबरलेत, पण यायला तयार आहेत. येत्या सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन येतो.

तुमचा,
एक कामगार