ताई, तुम्ही प्लेट धुवायला शिकवलंत

प्रिय ताई,

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. ती फार तोकडी वाटते, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तीन महिने मी बायोफिल्मच्या, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंच्या थराच्या, एकाच प्रयोगात अडकले होते. तोच स्यूडोमोनास एरुजिनोसा जिवाणू, तेच वाढीचं माध्यम, तीच ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट, तरी शेजारशेजारच्या वेलमधल्या रंगाची रीडिंग ०.४ आणि १.८. जिवाणूचा स्ट्रेन (वाण) बदलून पाहिला, माध्यम नव्याने बनवलं. कुणालाही विचारलं की "रिपीट कर" एवढंच ऐकू यायचं. तुम्ही मात्र स्टूल ओढून शेजारी बसलात, एक शब्द न बोलता सगळं पाहिलंत आणि म्हणालात, "पिपेटने धुऊ नकोस. झोत बसला की फिल्म सुटते."

मग तुम्ही कल्चर (जिवाणू वाढलेला द्रव) एका झटक्यात ओतून टाकलंत आणि प्लेट पाण्याच्या टबात अलगद बुडवलीत. वेल आपोआप भरू दिल्या, पुन्हा झटकलीत, टिपकागदावर उलटी आपटलीत. ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर पुन्हा तसंच धुतलंत. नंतर प्लेट उजेडाकडे धरून मला दाखवलंत: वेलच्या भिंतीवर, जिथे द्रवाला हवा लागते तिथे, एक बारीक जांभळं कडं. फिल्म तळाशी नव्हतीच, ती त्या कड्यात होती. कल्चर १०० मायक्रोलिटर असेल तर रंग आणि नंतर तो विरघळवणारं ३० टक्के अ‍ॅसेटिक आम्ल १२५ का घ्यायचं, हे मला त्या क्षणी कळलं. मी सगळंच १०० घेत होते, त्यामुळे कड्याचा वरचा भाग कधी रंगायचा, कधी सुटून जायचा. कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं निर्जंतुक पाणी भरायचं, कारण तिथलं बाष्पीभवन जास्त, हेही तुमचंच.

दुसरा धडा त्याहून मोठा. अँटिबायोटिक दिल्यावरही ५५० नॅनोमीटरला मोजलेलं रंगाचं रीडिंग जवळपास तेवढंच राहिलं आणि औषध लागू पडत नाही असं मी लिहूनही टाकलं होतं. तुम्ही विचारलंत, "रंगाला जिवंत-मेलेलं कळतं का?" क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशींनाही चिकटतो, भोवतीच्या चिकट आवरणालाही. त्याच संध्याकाळी न रंगवलेल्या वेलमधली फिल्म तुम्ही सोनिकेटरने (ध्वनिलहरींच्या यंत्राने) मोकळी करून दिलीत आणि आपण तिची सौम्य द्रावणं आगरवर, जिवंत जिवाणू वाढतात त्या जेलीवर, पसरवली. सकाळी औषधाच्या प्लेटवर मोजक्या वसाहती होत्या, म्हणजे औषध लागू पडलं होतं. माझा निष्कर्ष चुकीचा छापला गेला नाही, तो तुमच्या त्या एका प्रश्नामुळे.

'प्लेट धुतली' असं दोन शब्दांत उरकण्याची पद्धत आहे. माझ्या प्रबंधात टबात कशी बुडवायची, किती वेळा झटकायची, हे अर्धं पान आहे. नवीन विद्यार्थी धुवायला पिपेट उचलतात तेव्हा मी टब त्यांच्यापुढे सरकवते आणि आधी ते कडं दाखवते.

मनापासून आभार, ताई.

तुमची विद्यार्थिनी