क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: शिक्का सरकारचा, शिक्षा माझ्या मुलीला

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

माझी मुलगी बारावीत आहे. गेल्या सोमवारी रात्री तिच्या खेळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी आली. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलेल्यांना जिल्हा निवड चाचणीत घेणार नाही, असा मजकूर आणि खाली नावं. त्यात तिचं नाव. सही नाही, नियमाचा क्रमांक नाही. खेळाचं आणि संघटनेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याचा त्रास तिच्याबरोबरच्या मुलांना होईल.

कोपरखैरण्यात एका खासगी लीगमध्ये ती सुट्टीच्या दिवशी खेळली, एवढंच तिने केलं. बक्षिसाच्या पैशातून बूट घेतले. मी ऐरोलीत राहतो, वाशीच्या मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. तिला सरावाला ने-आण करायची म्हणून तिच्या आईने नोकरी सोडली. पदाधिकाऱ्यांना भेटलो तर म्हणाले, "पालकांनी वाद घालू नये." पोरगी तेव्हापासून नीट जेवत नाही.

साहेब, ही ताकद संघटनेला कोणी दिली? तुमच्या खात्याने. दहावी-बारावीचे वाढीव गुण असोत की सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, शालेय स्पर्धांसारखे अपवाद सोडले तर बहुतेक वेळा मान्यताप्राप्त संघटनेचंच प्रमाणपत्र लागतं. तीच संघटना स्पर्धा भरवते, प्रवेश फी घेते, निवड करते आणि दुसऱ्याने स्पर्धा भरवली की बंदीही घालते. नियम करणारा आणि धंदा करणारा एकच असेल, तर तो स्पर्धक कशाला उभा राहू देईल?

हे वरूनच झिरपत आलंय. 2007 मध्ये इंडियन क्रिकेट लीग ही खासगी लीग निघाली, तिच्यात गेलेल्या खेळाडूंना बीसीसीआयने दारं बंद केली. पुढच्याच वर्षी 1 जूनला आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आयपीएलची पहिली फायनल झाली. दुसऱ्या लीगला मान्यता देणार नाही, असं बोर्डाने प्रक्षेपणाच्या करारात लिहून दिलं होतं. त्यावरून बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या केंद्राच्या स्पर्धा आयोगाने (सीसीआय) 2013 मध्ये बोर्डाला 52.24 कोटींचा दंड लावला, 2015 मध्ये तो आदेश रद्द झाला, 2017 मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा लावला. आणि 2022 मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क गेले 48,390 कोटींना! असल्या दंडाची भीती कोणाला वाटणार?

मुंबई उपनगरातल्या टेबल टेनिस संघटनेने बाहेरच्या स्पर्धांत खेळू नका असं खेळाडूंना बजावलं, तेव्हा आयोगाने 2021 मध्ये चौकशी लावली. म्हणजे कायदा आहे. पण आयोगाचा निकाल लागेपर्यंत खेळाडूचं वय थांबत नाही. माझ्या मुलीचं तर हे एकच वर्ष आहे.

मी ज्या मार्केटात पोट भरतो, तिथे 2016 मध्ये तुमच्याच राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. शेतकऱ्याने माल कुठेही विकावा, बाजार समितीची सक्ती नको, असं तेव्हा सांगितलंत. मग सतरा वर्षांच्या खेळाडूने कुठे खेळावं याची सक्ती कशी चालते? व्यापाऱ्यांच्या आडतीवर, म्हणजे दलालीवर, विधानसभा गाजते, पण पोरांच्या वर्षावर कोणी बोलत नाही. संघटनांवर वर्षानुवर्षं राजकारणी बसलेत, सगळ्या पक्षांचे. म्हणूनच कोणी हात घालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या स्पर्धेत खेळला म्हणून कोणालाही निवड चाचणीतून काढता येणार नाही, असा शासन निर्णय काढा. खासगी स्पर्धेला परवानगी द्यायची की नाही, हे संघटनेने ठरवू नये, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने लेखी कारणं देऊन ठरवावं. बंदी घालायची तर आधी खेळाडूचं म्हणणं ऐकावं, नंतर आठ दिवसांत अपील ऐकावं. ज्या संघटना मानणार नाहीत त्यांची मान्यता काढा, ती तुमच्या हातात आहे.

चाचणी पुढच्या रविवारी आहे. त्याआधी लेखी उत्तर द्या.

आपला,
एका खेळाडूचा बाप, ऐरोली