सात जणांचे एकच 'घरगुती कारण'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांतल्या कपातीच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. त्यातल्या आकड्यांत माझ्यासारखे कधी धरलेले नसतात, कारण कागदोपत्री आम्हाला कोणी काढलेलेच नसते. आम्ही राजीनामा दिलेला असतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी २६ वर्षे क्वालिटीत होतो, शेवटची ९ वर्षे इन्चार्ज. एका शुक्रवारी सेकंड शिफ्ट लागत असताना एचआरमध्ये बोलावणे आले. कागद टाइप करून तयार होता : 'घरगुती कारणास्तव मी स्वेच्छेने...' सही केली तर फुल अँड फायनल, म्हणजे राहिलेल्या पगार-रजांचा सगळा हिशेब, ग्रॅच्युइटी आणि वर तीन महिन्यांचा पगार. नाही केली तर 'मग बघू'. माझे वय ५२, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सही केली. पेनसुद्धा त्यांचेच होते. बाहेर आल्यावर कळले, त्या दिवशी सात जणांच्या घरी एकदम घरगुती कारण निघाले होते आणि सातही जण पन्नाशीच्या आसपासचे.

त्या एका ओळीची किंमत पुढे कळली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात करताना एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागे. पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचे, असेही कलम होते. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही भरपाई आहे, शिवाय पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे नवे काम शिकण्यासाठीच्या निधीतून, आणखी १५ दिवसांचा पगार. पण हे सगळे काढलेल्या कामगाराला, राजीनामा दिलेल्याला नाही. मला तर वकिलांनी बसायच्या आधीच सांगितले, 'तुम्ही सुपरवायझर, पगार दहा हजारांच्या वर. १९४७ च्या कायद्यात तुम्ही कामगारच नाही.' १५-२० पोरांच्या रजेच्या अर्जांवर सही करायचो, एवढाच काय तो माझा साहेबपणा!

मग मुलाखती. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, 'नोकरी का सोडलीत?' 'काढले' म्हणावे, तर समोरचा मनात म्हणतो, काहीतरी भानगड असणार. कागदावरचे घरगुती कारण सांगावे, तर चाकणला एका मुलीने हसत विचारले, 'मग काका, आता मिटलं का ते?' तिची चूक नाही, तिच्यासमोर माझीच सही होती. भाच्याने बायोडेटातून दहावीचे १९८८ हे साल काढून टाकले. फोन वाढले, पण आधार कार्ड पुढे ठेवले की बोलणे तिथेच संपायचे.

रोजगार मेळाव्यालाही जाऊन आलो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी, पंतप्रधान इंटर्नशिप तेव्हा २१ ते २४ साठी. पोरांना मिळावेच. पण पस्तिशी ओलांडलेल्याने कुठल्या टेबलापुढे उभे राहायचे? पीएफची पेन्शन ५८ ला. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षे आधी, तितके वर्षाला ४ टक्के कापून. आमच्या सातांतले एक जण आता सोसायटीच्या गेटवर बारा तास उभे असतात. एका शतांश मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटाला कळायचा.

मला अकराव्या महिन्यात काम मिळाले. तळवड्यातले वर्कशॉप, मालक पस्तिशीच्या आतला. त्याने बायोडेटा बाजूला सारला आणि पातळ भिंतीचा एक बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ भाग, टेबलावर ठेवला. 'बोअर गेजवर, म्हणजे भोक मोजायच्या मापकावर, माप बरोबर येतंय, पण शाफ्ट आत जात नाही. लॉट परत आलाय.' बुश कुठे पकडता, म्हणून विचारले. तीन जॉच्या चकमध्ये, म्हणजे मशीनच्या तीन जबड्यांच्या पकडीत, असे तो म्हणाला. चक सोडला की दाबलेली भिंत उसळते आणि भोक तीन कोनांचे होते. दोन बाजूंनी टेकणाऱ्या गेजला ते दिसत नाही. प्रेशर उतरवले, बुशच्या मापाचे मऊ जबडे, सॉफ्ट जॉ, लावले, दुपारपर्यंत शाफ्ट जाऊ लागला. सोमवारपासून या, म्हणाला. पगार पूर्वीच्या साठ टक्के आहे. वय त्याने अजून विचारलेले नाही.

मागणी एवढीच. एकाच आठवड्यात एकाच कारखान्यातले पन्नाशीचे पाच-सात जण एकाच मजकुराचा राजीनामा देतात, तेव्हा कामगार आयुक्तालयाने त्यांना कारखान्याबाहेर बोलावून एकदा विचारावे, की बाबा, हे तू लिहिलेस का? काढायचे असेल तर काढा. मंदी आम्हालाही दिसत होती. पण 'काढले' असे लिहून द्या, म्हणजे पुढच्या दारात आम्हाला खोटे बोलावे लागणार नाही.

नाव छापू नये ही विनंती. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी असे कायदा सांगतो, माझा दुसरा हप्ता अजून यायचा आहे.

आपला,
एक वाचक, भोसरी