बाबांच्या कृत्रिम डोळ्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

जखम पूर्ण भरली असून आता कृत्रिम डोळ्याचे माप घेण्यास हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे आईकडून कळले. पेठेतल्या कुणीतरी तयार डोळा लगेच आणि स्वस्तात मिळेल असे सुचवल्याचेही समजले. तो स्वस्त असतो हे खरे. परंतु ठरावीक आकाराचा असल्याने खोबणीत नेमका बसत नाही, मागे राहिलेल्या पोकळीत स्राव साचतो आणि डोळा हलवताना तो कृत्रिम असल्याचे चटकन कळते. म्हणून माझा आग्रह मापाने घडवलेल्या डोळ्याचाच आहे. त्यासाठी खोबणीचा साचा घेतात, मेणाचा नमुना बसवून पापण्यांची ठेवण पाहतात, दुसऱ्या डोळ्याशी ताडून बुबुळ रंगवतात आणि मग अ‍ॅक्रिलिकमध्ये डोळा तयार करतात. पूर्वी हे डोळे काचेचे असत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची काच मिळेनाशी झाल्यावर अमेरिकेतील दंततंत्रज्ञांनी कवळीचेच अ‍ॅक्रिलिक त्यासाठी वापरले. आजही आपल्याकडे काही दंतमहाविद्यालयांत असे डोळे घडवले जातात, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले तर बाबांनी चिडू नये.

मात्र आई, तुझी कवळी तू रोज रात्री काढतेस, तसा हा डोळा काढायचा नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच काढावा, कारण वारंवार हाताळल्याने खोबणीचा दाह वाढतो. हात धुवून, खाली जाड टॉवेल पसरून, बाबांना वर पाहायला सांगून खालची पापणी हलकेच दाबली की तो बाहेर येतो. बसवताना वरची पापणी उचलून आधी वर सरकवावा. धुण्यास सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरे. स्पिरिट, डेटॉल किंवा उकळते पाणी कदापि वापरू नये, त्याने अ‍ॅक्रिलिक खराब होते. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यावे लागेल आणि साधारण 5 वर्षांनी नवा करावा लागेल.

खरी काळजी मला उजव्या डोळ्याची वाटते. उसाच्या पात्याचा साधा ओरखडा, त्यातून बुरशीचा संसर्ग, आणि डावा डोळा गेला. हे पाहिल्यानंतरही बाबा पुन्हा मळ्यात उघड्या डोळ्यांनी जातात, हे मला पटत नाही. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा दिवसभर हवा. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून चहा ओतताना किटलीचे तोंड कपाच्या काठाला टेकवावे, जोतिबाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा, आणि बिंदू चौकात रस्ता ओलांडताना आईने त्यांच्या डावीकडून चालावे. मोटारसायकलचा विषय डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये.

बुबुळाचा रंग दिवसाच्या उजेडात चांगला जुळतो, तेव्हा सकाळची वेळ मागून मला कळवावी. मी पुण्याहून आदल्या रात्री निघेन.

आपली मुलगी