आजीच्या नवमीला

हाँगकाँग, ८ सप्टेंबर २०२५

बाळा,

शनिवारी तू विसर्जनाच्या गर्दीत होतास ना, त्याच रात्री इथे चिनी सातव्या महिन्याची पौर्णिमा होती, यू लान. हा अख्खा महिना मेलेल्यांचा, ते सगळे मोकळे फिरतात असं इथले लोक मानतात. मैदानात बांबूचा मांडव घालून ऑपेरा करतात आणि पुढची रांग रिकामी ठेवतात, कोणी म्हणजे कोणी तिथे बसत नाही.

ऑफिसातून येताना आमच्या बिल्डिंगखालची म्हातारी फुटपाथवर बसलेली दिसली, समोर काळाकुट्ट झालेला पत्र्याचा डबा, सोनेरी कागदाची एकेक होडी दुमडायची न् आगीत टाकायची, मधे कागदी शर्ट, कागदी मोबाइलसुद्धा. ते संपल्यावर तिने थोडं बाजूला सरकून दुसरा जाळ केला, तांदूळ, मोड आलेली कडधान्यं, टोफूचे तुकडे आणि चिल्लर रस्त्याकडेला टाकली. मी खुणेनेच विचारलं हे कोणाचं, तर म्हणाली, "नो फॅमिली." ज्यांचं मागे कोणीच नाही त्यांचं. मी तिथेच उभी राहिले रे, डोळे भरून आले, धुराने म्हण हवं तर.

एप्रिलमधे चिंग मिंगला सुट्टी असते, तेव्हा माणसं डोंगरावरच्या कबरी झाडायला जातात, पण तिथे ज्याचा त्याचा पूर्वज. हे यू लान मला जास्त आपलं वाटतं. त्याच्या गोष्टीतला माणूस तर आपल्याकडचाच. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, चिनीत मूलियान, त्याची आई मेल्यावर भुकेल्या भुतांत अडकली, त्याने घास दिला की तो तोंडाशी जाईपर्यंत त्याचे निखारे व्हायचे. मग बुद्धाने सांगितलं, एकट्याने जमणार नाही, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला सगळ्या भिक्षूंना जेवू घाल. आपण सांचीला गेलो होतो आठवतं, तो तिसरा स्तूप? त्याच्याच अस्थी होत्या तिथे.

तू फोनवर म्हणालास की आजी गेली, आता कावळ्याला वाढून तिला काय पोचणार. पोचतं की नाही मला नाही सांगता येणार. पण मूलियानच्या आईची भूक ऐकली आणि मला आजीच आठवली, शेवटचे आठ दिवस तिला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं आणि मी इथे होते, तिकीट मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या हातून तिला घास गेला नाही रे.

म्हणून सांगते, येत्या सोमवारी, १५ला, अविधवा नवमी आहे, आजीचं पान तू वाढ. खीर, भरड्याचे वडे, गवार, आमसुलाची चटणी. वडे जमले नाहीत तर शेजारच्या काकूंना सांग, त्या करतील. कढीत मिरची कमी टाक, आजोबांना ठसका लागतो. आणि अजून एक छोटं पान काढून गच्चीवर ठेव, कोणाचं म्हणून विचारलं आजोबांनी तर सांग, आईने सांगितलंय.

तुझी आई